ग्रेसबाईंचा ‘मे’ आणि सुनंदाकाकूंचे गिलके

शुक्रवार, ११ जुलै

आजपासून मी दुभाषी! एम. ए. इंग्लिश करून चोपड्यात क्लास काढला तेव्हा भावकीतल्या निम्म्या लोकांनी नाकं मुरडली होती. आज तेच लोक ‘मेघा, मेघा’ करत ओट्यावर बसून चहा पिऊन गेले.

झालं असं, की जूनमध्ये लावलेल्या केळीवर हरण्या रोग पडला आहे. पानांवर पिवळे पट्टे येतात, मग पोंगा, म्हणजे मधलं कोवळं पान, सडतो आणि रोप जातं. आमच्या शिवारात दर दोन-चार वावरांआड तो दिसतो आहे. त्यावर औषध नाही म्हणतात. गावच्या केळीवाल्यांच्या गटाने कुठून कुठून ओळखी काढल्या आणि युगांडाच्या एक केळीतज्ज्ञ, डॉक्टर ग्रेस, इथे येऊन राहायला तयार झाल्या. त्या इंग्रजीत बोलणार, मी ते गावाला सांगणार.

गटाचे अध्यक्ष तोताराम नाना स्वतः घरी आले. म्हणाले, “हिलाल आबा, तुम्हनी आंडेर आते गावनं तोंड शे!”

लेकीचं हे कौतुक ऐकून आबा म्हणाले, “देखू.”

आबांचं हे ‘देखू’, म्हणजे ‘बघू’, मला अगदी डोक्यात जातं. मी एम. ए. करू म्हटलं तेव्हा ‘देखू’. मग एक दिवस काही न बोलता मोटारसायकल काढून मला कॉलेजात सोडून आले. क्लास काढू म्हटलं तेव्हा ‘देखू’. आठवड्याने फळा आणून भिंतीला ठोकला. पण तोंडाने कधी हो नाही की नाही नाही. माझ्या बापाला कशाचीच खात्री नसते आणि मला सगळ्याची असते. मी आईवर गेले असणार.

शनिवार, १२ जुलै

क्लासमध्ये आज खात्रीचे आणि अटीचे शब्द घेतले. फळ्यावर शिडी काढली. सगळ्यात वर ‘मस्ट’: ‘हिज बाइक इज हिअर, सो ही मस्ट बी होम’, म्हणजे पुरावा दारात उभा आहे. मग ‘विल’: ‘शी विल कम’, तिची पोळी टाका. मग ‘मे’: ‘शी मे कम’, येईल किंवा नाहीही येणार. सगळ्यात खाली ‘माइट’: तिला जेवणात धरूच नका. मग अटी घेतल्या. ‘इफ देअर इज भरीत, आय विल स्टे.’ आणि तेच उलटं करून, ‘आय वोन्ट स्टे अनलेस देअर इज भरीत.’ पोरं खूश. मोनाली म्हणाली, “मॅडम, तुमच्यासारखं कोणी शिकवत नाही.” खरं आहे ते.

सोमवार, १४ जुलै

ग्रेसबाई आल्या, आमच्याकडेच उतरल्या. साठीच्या, उंच, आवाज असा की माइकची गरज नाही. चहात साखर फार म्हणून पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं, पण आईच्या ठेच्याला दोनदा हात लावला. त्यांच्याकडे हिरवी केळी उकडून भातासारखी खातात, हे ऐकून आईने तोंडावर पदर धरला.

दुपारी सगळे मिळून वावरं पाहिली आणि संध्याकाळी पॅकिंगच्या शेडमध्ये सभा झाली. शेड गच्च भरली होती. बाई उठून म्हणाल्या, “इफ यू रिमूव्ह द सिक प्लांट्स नाऊ, यू मे सेव्ह द रेस्ट.”

आता पेच बघा. आजारी रोपं आत्ता उपटलीत तर बाकीची कदाचित वाचतील, असं मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? इतक्या लांबून पाहुणी आणली आणि ती म्हणते ‘कदाचित’! लोक तोंडावर हसले असते. आपल्या दारात पाहुण्याची शोभा होऊ द्यायची नाही, एवढं तर आपल्याला घरातून शिकवलेलं असतं. मी खणखणीत आवाजात सांगितलं, “आजारी रोपं उपटा, बाकीची वाचतील म्हणजे वाचतील!”

टाळ्या पडल्या. नाना तर उभेच राहिले.

मग बाईंनी बांधाकडे हात केला आणि म्हणाल्या, “अनलेस दोज वाइन्स गो, इट विल कम बॅक.” ते वेल गेले नाहीत तर रोग परत येणार. आणि वेल कोणाचे? नानांच्या बांधावरचे गिलके! सुनंदाकाकूंनी हौसेने लावलेले. गटाचा अध्यक्ष, आजच्या सभेचा यजमान, त्याच्याच बायकोच्या वेलांवर भर सभेत बोट दाखवायचं? मी म्हटलं, “बाई म्हणतात, बांध स्वच्छ ठेवा.”

ग्रेसबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “एवढंच?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी म्हटलं, “मराठी आटोपशीर भाषा आहे.”

घरी आल्यावर आबांनी चपला काढता काढता विचारलं, “ती बाई इतली पक्की बोलनी का?”

“बोलल्या तर!” मी म्हटलं. आबा हातपाय धुवायला गेले. इतकी टाळ्यांची सभा झाली, लेकीचं नाव झालं, पण या माणसाच्या तोंडून ‘छान’ निघेल तर शपथ. असो. मी आज जिंकले आहे.

मंगळवार, १५ जुलै

आबांनी पहाटेच आमच्या वावरातली पट्टे पडलेली सगळी रोपं उपटून, पोत्यात भरून, लांब नेऊन पुरली. बघा, माझ्या ‘वाचतील’चा गुण! शेजारच्या कुंदननेही उपटली. गावात अजून काहींनी. बाकीचे म्हणतात, आधी यांचं काय होतं ते पाहू.

रविवार, २७ जुलै

आज काय लिहू?

सकाळी कुंदन पोंगा सडलेलं रोप हातात घेऊन आमच्या ओट्यावर आला आणि त्याने ते ग्रेसबाईंच्या पायाशी टाकलं. त्याच्या वावरात रोग परत आला आहे, पहिल्यापेक्षा जास्त, आणि तोही नानांच्या बांधाकडून. आमच्याही त्याच कडेच्या ओळीत पट्टे दिसले.

“वाचतीन म्हने!” तो ओरडत होता. “हाई बाई खोटं बोलनी! मी ऐन जोमाना रोपं उपटी टाकात हिना शब्दवर!”

बाईंनी मला विचारलं, “तो काय म्हणतो आहे?”

इथे तरी काय आटोपशीर सांगणार? मी म्हटलं, “तो म्हणतो, तुम्ही म्हणाला होता की रोपं वाचतील.”

“आय सेड ‘मे’,” ग्रेसबाई म्हणाल्या. “अँड आय सेड ‘अनलेस’. मेघा, तू ‘अनलेस’ सांगितलंस ना?”

मी खाली बघितलं. त्यांना सगळं कळलं. कुंदन गेल्यावर मी रडत रडत सांगू लागले, की तुमची शोभा होऊ नये म्हणून केलं, नानांना वाईट वाटू नये म्हणून केलं. बाई संतापल्या. अशा, की परसातली कोंबडी पळाली.

“केळीत माझे केस पांढरे झाले,” त्या म्हणाल्या. “खात्रीने बोलायला मला कोणी बंदी केली नव्हती. माहीत नव्हतं म्हणून ‘मे’ म्हटलं. आणि एकच गोष्ट पक्की माहीत होती, तिला ‘विल’ म्हटलं. ती तू गिळलीस!”

खरंच की. ज्याची त्यांना खात्री नव्हती त्याची मी गावाला हमी दिली आणि ज्याची होती ते पोटात ठेवलं. फळ्यावर शिडी काढणारी मी! लाज वाटते आहे.

सोमवार, २८ जुलै

बाई माझ्याशी बोलत नाहीत. आईशी मात्र खाणाखुणांनी छान चाललं आहे. आईने त्यांना भाकरी थापायला बसवलं. भाकरी युगांडाच्या नकाशासारखी झाली आणि दोघी हसल्या. मला कोणी हसायला बोलावलं नाही.

बाहेरची बातमी वाईट आहे. चोपड्याचा औषधवाला भूषण गावात फिरतो आहे. त्याच्याकडे एक बाटली आहे, ती फवारली की हरण्या जातो म्हणे, शंभर टक्के गॅरंटी, काही उपटायला नको. ग्रेसबाई सांगतात की हा विषाणू आहे, एकदा रोपात शिरला की कुठल्याच फवारणीने निघत नाही. पण बाई खोट्या ठरल्या आहेत, मग ऐकतो कोण? उद्या नागपंचमी. वावरात कोणी विळा लावणार नाही, कुदळ मारणार नाही, सगळे घरी. म्हणून उद्याच सभा आहे. भूषण की ग्रेसबाई, ते ठरेल. गाव बाटलीकडे गेलं तर आजारी रोपं उभीच राहतील आणि दिवाळीपर्यंत शिवारात केळ दिसणार नाही. आमचीही नाही.

संध्याकाळी मी वावरात गेले. आबा पट्टे पडलेली रोपं शोधत ओळीतून हिंडत होते. मी म्हटलं, “आबा, माझ्या ‘वाचतील’वर विश्वास ठेवून तुम्ही फसलात.”

“तुना शब्दवर नही उपटी मी,” आबा म्हणाले. “व्हई बी, नही बी व्हई. पन सडेल रोप उभं ठेवीसन काय व्हनार व्हतं?”

व्हई बी, नही बी व्हई. मी तिथेच उभी राहिले. ‘मे’साठी मी दोन आठवडे ‘कदाचित’, ‘संभवतः’ असले शब्द मनात घोळवत होते, जे आमच्या गावात कोणाच्या बापाने वापरले नाहीत. आणि हा शब्द रोज माझ्या घरात बोलला जात होता.

घरी येऊन ग्रेसबाईंच्या खोलीचं दार वाजवलं. म्हटलं, “उद्या मला सांगू द्या. जसंच्या तसं सांगेन.”

त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. “विल यू?”

“आय विल,” मी म्हटलं.

मंगळवार, २९ जुलै

आजचं आजच लिहिणार.

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्यांदा भूषण बोलला. बाटली उंच धरून म्हणाला, “यात ‘जर’ही नाही, ‘तर’ही नाही. शंभर टक्के!” माना डोलल्या. मी उठले तेव्हा मागून कोणीतरी शिट्टी मारली. कुंदनने तोंड फिरवलं.

मी म्हटलं, “मागच्या सभेत बाई ‘वाचतील’ म्हणाल्याच नव्हत्या. ते मी म्हणाले. बाईंची शोभा होऊ नये म्हणून माझ्या पदरचं घातलं. खोटं बाई बोलल्या नाहीत, मी बोलले.”

पुढच्या ओळीत आई बसली होती, तिचे डोळे मोठे झाले. वाटलं, आता क्लास बंद, लग्न बंद, आता तोंड घेऊन जायचं कुठे? तेवढ्यात आबांचा आवाज आला. आबा सभेत कधी बोलत नाहीत.

“मेघा, मंग बाई काय बोलनी ते पुरं सांग.”

आणि मी पुरं सांगितलं. ग्रेसबाई एक-एक वाक्य बोलत होत्या आणि मी काही न घालता, काही न गाळता आमच्या बोलीत सांगत होते. आजारी रोपं उपटली तर बाकीची वाचतीन का? व्हई बी, नही बी व्हई. पण एकट्याने उपटून उपयोग नाही. सगळ्यांनी उपटली तरच. मावा ही कीड हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, ती गवतावर आणि वेलांवर राहते, म्हणून बांध साफ केला तरच. आणि नाना, तुमच्या बांधावरचे गिलके निघाले नाहीत, तर रोग परत येणारच. इथे बाई ‘मे’ म्हणत नाहीत. इथे त्या ‘विल’ म्हणतात. त्या पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, मी तुमच्या भिडेने सांगितलं नाही.

नानांचा चेहरा लाल झाला. “मना गिलकासले बोट दखाडतीस? शेवटनी खुर्चीवर बसेल माणूसले बी ठाऊक शे, मीच ह्या बाईले आनेल शे!”

भूषण हसला. म्हणाला, “बघा, बाईंना स्वतःलाच खात्री नाही. मी खात्री देतो.”

लोक चुळबुळ करू लागले. आता गेलं सगळं, असं मला वाटलं, तोच बायकांमधून सुनंदाकाकू उठल्या. त्यांनी नानांकडे बघितलंसुद्धा नाही. भूषणकडे बघून म्हणाल्या, “बाईले आम्हले फसाडनंच व्हतं, ते तिनी बी गॅरंटीच दिनी असती. तुनासारखी. टाळ्या बी भेटत्या, चहा बी भेटता. ‘नही बी व्हई’ असं कोन सांगस? ज्याले फसाडनं नही तोच सांगस.”

कोणीतरी “खरं शे” म्हणालं. मग दुसरं कोणी म्हणालं.

काकू पुढे बोलल्या, “मी उपटसू मना गिलका. पन मनी बी अट शे. बठ्ठासनी पयले आपापला बांध साफ करा. बठ्ठासनी! नही ते मना एक वेल बी हालनार नही.”

मी हे ग्रेसबाईंना सांगितलं. “शी विल पुल आउट हर वाइन्स, ओन्ली इफ एव्हरीवन क्लीन्स देअर बांध.” बाईंनी ‘बांध’ म्हणजे काय हे विचारलंसुद्धा नाही. उठल्या, गर्दीतून वाट काढत काकूंपर्यंत गेल्या आणि त्यांचा हात धरून वर केला, कुस्ती जिंकलेल्या पैलवानाचा करतात तसा. शेड दणाणली. शिट्ट्या आता खऱ्या होत्या. पहिला हात कुंदनचा वर आला. “मना बांध उद्या साफ!” मग हातच हात. नाना बसून राहिले, पण शेवटी त्यांनीही खाली मान घालून हात वर केला, आणि त्यांच्या हाताला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या, तेव्हा ते हळूच हसले.

भूषणने बाटल्या खोक्यात भरल्या. जाताना मला म्हणाला, “मॅडम, धंदा बसवलात तुम्ही.”

मी म्हटलं, “व्हई बी!”

बुधवार, ३० जुलै

अख्खं गाव वावरात. असा बांध मी जन्मात पाहिला नाही, नुसती माती. सगळ्यांचे बांध काकूंनी स्वतः फिरून पाहिले, दोघांना परत पाठवलं आणि मगच वेलांना हात घातला. उपटताना डोळ्यांत पाणी होतं. शेवटचे गिलके टोपलीभर निघाले, ते त्यांनी आमच्याकडे आणले आणि आईने भाजी केली. ग्रेसबाई म्हणाल्या, “गुन्हेगार चवीला चांगला आहे.”

सोमवार, ४ ऑगस्ट

काल आमची खान्देशची देवी, कानबाई बसली. नानांच्या घरी मांडव होता. दरवर्षी त्याला केळीचे खांब लागतात. या वर्षी काकूंनी दारातच सांगितलं, निरोगी वावरातला असेल तरच खांब आत येईल. ग्रेसबाईंनी तो पानन् पान उलटून तपासला. मग रात्रभर फुगड्या. आज विसर्जनाला त्या नाचल्या तेव्हा अख्खी गल्ली थांबली. कोणी काही विचारलं की नाना म्हणतात, “बाईले मीच आनेल शे.” त्यांना तेवढं असू दे.

शनिवार, २० सप्टेंबर

ग्रेसबाई गेल्या. उपटलेल्यांच्या जागी नांग्या भरून लावलेली रोपं हिरवीगार आहेत. मधे एकदा पट्टे दिसले, लोकांनी कोणाची वाट न बघता ती रोपं उपटून पुरली. आज जळगाव स्टेशनवर मी विचारलं, “आता नाही ना येणार परत?” त्या म्हणाल्या, “इट माइट.” मी म्हटलं, एवढं तरी आज गोड बोला. त्या हसल्या आणि मला घट्ट मिठी मारली. आईने ठेच्याची बरणी दिली आहे, विमानात नेऊ देतात की नाही देव जाणे.

क्लासमधली शिडी मी पुसलेली नाही. पण आता उदाहरणं हरण्याची देते.

रविवार, १ फेब्रुवारी

निसवली! आमची केळ निसवली! सकाळी आईने हाका मारून मारून मला उठवलं. पहिला घड बाहेर पडला आहे, तोही त्याच कडेच्या ओळीत, जिथे नानांचा बांध लागतो, जिथे गिलके होते. कुंदनच्याही वावरात दोन निसवल्या. सगळ्या शिवारात एक वावर मोडलेलं नाही. पलीकडच्या गावाचे लोक आता आमचे बांध बघायला येतात, आणि काकू त्यांना अटी सांगतात.

मी तिथूनच ग्रेसबाईंना व्हिडिओ कॉल लावला. घड दिसताच त्या किंचाळल्या. नाना, काकू, कुंदन, आई, सगळे फोनमध्ये डोकं घालायला धडपडत होते. आबा मागे घडाला हात लावून उभे होते.

ग्रेसबाई म्हणाल्या, “आबांना विचार, पीक चांगलं येईल का?”

मी विचारलं. आबांनी घडाकडे बघितलं, वर पानाकडे बघितलं, मग फोनकडे.

“देखू,” ते म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी आता एक अक्षर घालत नाही की गाळत नाही. मी सांगितलं, “ही सेज, इट मे.”

“नो,” ग्रेसबाई फोनमधून म्हणाल्या, “मेघा, तू शब्द बरोबर सांगितलास. पण मागे वळून त्यांचा चेहरा बघ.”

मी वळून बघितलं. आबा हसत होते. कॉलेजच्या दारात मला सोडून मोटारसायकल वळवताना हसले होते, तसेच. तेव्हा मी घाईत होते, नीट पाहिलं नव्हतं.

मी फोनकडे तोंड केलं आणि दुरुस्ती केली. “ही सेज, इट विल.”